पावसाळी बंदी संपली तरी नियम संपत नाहीत : हंगाम, माशाचा आकार आणि जाळ्याचा आस

पालघर, डहाणू, वसईपासून खाली देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत जून-जुलै हे महिने बोटी वर काढून, जाळी शिवत काढायचे असतात. ऑगस्ट उजाडला की डिझेल, बर्फ, राशन भरून बोटी दर्यात जातात. बंदी संपली म्हणजे आता काहीही पकडायला मोकळीक, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पावसाळी बंदी हा मासळी टिकवण्याच्या नियमांचा फक्त एक भाग आहे. माशाचा आकार, जाळ्याचा आस आणि मासेमारीची पद्धत यांचे नियम बाराही महिने लागू असतात. मासळी टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी ऑगस्टनंतरच्या महिन्यांत ठरतं.

पावसाळी बंदी कधी आणि कोणाला?

गेली काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी पाळली जाते. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे तामिळनाडू, आंध्र, ओडिशाकडे, ती 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. दरवर्षी शासन आदेश काढतं, त्यामुळे त्या वर्षीच्या आदेशातली तारीखच अंतिम धरावी.

बंदी यांत्रिक नौकांना असते. इंजिन नसलेल्या, वल्ह्याच्या किंवा शिडाच्या होडीतून पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्यांना सूट असते.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचे आदेश चालतात. बंदी दोन्हीकडे असते. म्हणून "आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो" ही सबब चालत नाही.

बंदीत बोट बाहेर काढली आणि अपघात झाला, तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं. खवळलेल्या दर्यात खलाशांचा जीव धोक्यात जातो तो वेगळाच.

बंदी कशासाठी?

पावसाळ्यात नद्यांचं गढूळ पाणी समुद्राला मिळतं आणि माशांच्या पिल्लांसाठी खाद्य वाढतं. याच सुमाराला अनेक जातींचे मासे अंडी घालतात. दोन महिने जाळी बाहेर राहिली तर अंडी घालणाऱ्या माद्या वाचतात आणि नव्या पिढीला जरा उसंत मिळते. कोळी समाजात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करण्याची रीत जुनी आहे. कायदा नंतर आला. आजही काही वर्षी नारळी पौर्णिमा 1 ऑगस्टच्या बरीच नंतर येते, म्हणून बंदी वाढवावी अशी मागणी मच्छीमार संस्थांकडून वारंवार होते.

मात्र सगळ्या जाती जून-जुलैतच अंडी घालत नाहीत. शिवाय पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात अजून लहानच असतात. दोन महिने जपलेली पिल्लं बंदी उठताच बारीक आसाच्या जाळ्यात आली, तर बंदीचा निम्मा फायदा तिथेच जातो. पुढचे दोन नियम त्यासाठीच आहेत.

किती लांबीच्या खालचा मासा पकडायचा नाही?

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केलेल्या शिफारशींचा त्याला आधार आहे. माशाला एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा विचार. ओळखीच्या काही माशांची मापं अशी :

• पापलेट : 135 मिलिमीटर (साडेतेरा सेंटिमीटर)
• बोंबील : 180 मिलिमीटर (18 सेंटिमीटर)
• सुरमई : 370 मिलिमीटर (37 सेंटिमीटर)
• घोळ : 700 मिलिमीटर (70 सेंटिमीटर)

यापेक्षा लहान मासा पकडणं नियमात बसत नाही. बाकीच्या जातींची पूर्ण यादी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात मिळते. संस्थेच्या कार्यालयात आणि बंदरावर ती मोठ्या अक्षरांत लावली तर तांडेल, खलाशी, दलाल आणि मासळी विकणाऱ्या बाया सगळ्यांनाच सोयीचं होईल.

हा नियम पापलेटला सर्वांत जास्त लागू पडतो. सप्टेंबर 2023 मध्ये सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. पालघर तालुक्यातलं सातपाटी बंदर तर पापलेटसाठीच ओळखलं जातं. या माशाला संरक्षण मिळावं म्हणून तिथले मच्छीमार बरीच वर्षं आवाज उठवत होते.

पिल्लू सोडलं तर नुकसान होतं का?

हिशेब साध्या उदाहरणाने समजतो. समजा, जाळ्यात 50 ग्रॅमची पापलेटची पिल्लं आली. एका किलोत 20 बसतात. लहान म्हणून भावही कमी मिळतो. तीच 20 पिल्लं दर्यात राहिली आणि त्यातली निम्मी मोठ्या माशांनी खाल्ली, असं धरू. उरलेली 10 पुढे वाढून 300 ग्रॅमची झाली तर वजन होतं 3 किलो. म्हणजे निम्मी गेल्यावरही वजन तिप्पट. आणि मोठ्या पापलेटला किलोमागे भाव कितीतरी चढा असतो. शिवाय त्यातल्या माद्यांनी अंडी घातली तर पुढच्या हंगामाची सोय झाली.

अडचणही खरी आहे. "मी सोडलं तर शेजारचा पकडेल" असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून हा नियम एकट्यादुकट्याने पाळून भागत नाही. सगळ्या बंदरांनी मिळून पाळला तरच सोडलेली पिल्लं मोठी होऊन कोणाच्या तरी जाळ्यात परत येतात.

जाळ्याचा आस महत्त्वाचा का?

जाळ्यातून काढलेलं पिल्लू बहुतेक वेळा मेलेलंच असतं. ते परत पाण्यात टाकून उपयोग नाही. ते जाळ्यात येऊच नये, हा खरा उपाय.

ट्रॉल जाळं ओढताना ताण बसतो आणि नेहमीचे तिरपे, शंकरपाळ्याच्या आकाराचे आस मिटतात. मग आस कितीही मोठा असला तरी पिल्लाला बाहेर पडायला वाट राहत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात. म्हणून ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला, जिथे मासा साठतो तिथे, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस ठेवायला सांगितलं जातं.

डोल जाळ्याची गोष्ट वेगळी. भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेलं हे जाळं जवळा, करंदी, मांदेली, बोंबील यांच्यासाठी असतं, त्यामुळे त्याचा आस बारीकच असतो. त्यात पापलेटची पिल्लंही अडकतात. डोलवाल्याचं पोट त्याच जाळ्यावर असल्याने हा प्रश्न फक्त दंडाने सुटणारा नाही. पिल्लं जास्त येतात त्या दिवसांत आणि त्या भागात जाळं न लावणं, हे गावांनी आपसात बसून ठरवण्यासारखं आहे.

पर्ससीन आणि एलईडीचे नियम

पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला घेरतं. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याने या पद्धतीवर निर्बंध आणले. तिचा हंगाम 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढाच ठेवला. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करण्यावर आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढण्यावर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली.

मूळ कायदा 1981 चा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. आधी कारवाईचा निवाडा तहसीलदारांकडे असायचा, तो अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोननेही नजर ठेवली जाते.

वजनाचा कोटा आपल्याकडे का नाही?

आइसलँड, नॉर्वेसारख्या देशांत वर्षाला कोणता मासा किती टन पकडायचा हे ठरतं आणि ते वजन बोटींना वाटून दिलं जातं. थंड समुद्रात एका जाळ्यात मुख्यतः एक-दोन जाती येतात, म्हणून ते जमतं. आपल्या दर्यात एका खेपेला दहा-वीस जाती एकत्र येतात. पापलेटचा कोटा संपला म्हणून जाळ्यात आलेलं पापलेट टाळता येत नाही. छोट्या-छोट्या बंदरांवर उतरणारी प्रत्येक टोपली मोजणंही अवघड. म्हणून आपल्याकडे वजनाऐवजी दिवस, लांबी, आस आणि अंतर यांच्या मर्यादा आहेत.

कोटा असला तरी तो चुकला तर काय होतं, हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने पाहिलं. तिथे 1968 मध्ये कॉड माशाची पकड 8 लाख टनांवर गेली होती. पुढे मर्यादा आल्या, पण त्या गरजेपेक्षा सैल ठेवल्या गेल्या. शेवटी 1992 मध्ये मासेमारीच थांबवावी लागली आणि 30 हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला. व्यावसायिक मासेमारी पुन्हा सुरू व्हायला 2024 उजाडलं.

आपल्या जवळचं उदाहरण केरळचं. तिथे ट्रॉलिंगवरची पावसाळी बंदी 1988 पासून आहे आणि 2015 मध्ये किमान आकाराचा नियम आला. तारलीसाठी 10 सेंटिमीटर, बांगड्यासाठी 14 सेंटिमीटर. तरीही 2012 मध्ये 4 लाख टनांच्या जवळ असलेली तारली 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. समुद्राच्या बदलत्या हवामानाचाही त्यात हात होता. हवामान कोणाच्या हातात नाही. पिल्लं वाचवणं मात्र हातात आहे, आणि वाईट वर्षांत त्याचीच जास्त गरज पडते.

बंदीच्या काळात घर कसं चालवायचं?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी बचत-नि-मदतीची तरतूद आहे. मच्छीमाराने 1,500 रुपये जमा करायचे, त्यात शासनाचे 3,000 रुपये पडतात आणि एकूण 4,500 रुपये तीन महिन्यांत मिळतात. वयाची अट 18 ते 60 वर्षे. मागास आणि क्रियाशील पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी ही योजना आहे. महिन्याला 1,500 रुपयांत घर चालत नाही हे उघड आहे, तरी हक्काचे पैसे सोडू नयेत. चौकशी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

लक्षात ठेवण्यासारखं

• बोटमालक : हंगाम सुरू होण्याआधी नोंदणी, परवाना आणि जाळ्याचा आस तपासून घ्यावा.
• तांडेल : पिल्लं जास्त लागली तर त्या जागी पुन्हा जाळं टाकू नये, जागा बदलावी.
• संस्था : लिलावात कमी आकाराचा मासा घ्यायचा नाही, असा ठराव करता येतो.
• गिऱ्हाईक : पापलेट घेताना साडेतेरा सेंटिमीटरची खूण लक्षात ठेवावी. साधी शाळेची पट्टी 15 सेंटिमीटरची असते. मासा तिच्यापेक्षा बराच आखूड दिसला तर तो घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर पिल्लाला भाव राहत नाही, आणि भाव नसेल तर ते पकडण्यासाठी कोणी डिझेल जाळत नाही.