विजेच्या इशाऱ्याची कुळकथा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या पिंगळीच्या काळ्या रानात विजेचे वर्षाला दोन हंगाम असतात. पहिला वळवापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा, दुसरा परतीच्या पावसाचा. दोन्ही वेळी माणसे उघड्यावरच असतात: जूनमध्ये तिफणीमागे, पुढे सोयाबीनच्या काढणीला. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस भरपूर, पण कडकडाट कमी. याचे कारण ढगाच्या उंचीत आहे. उन्हाळ्याअखेर तापलेल्या जमिनीवरची हवा जोराने वर चढते आणि ढग गोठणपातळीच्या बराच वर जातो. तिथे बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. भर पावसाळ्यात जमीन निवलेली असते, ढग बुटके राहतात आणि वर चढणाऱ्या हवेत तेवढा जोर नसतो.

हा फरक नक्षत्रांच्या पावसाने आधीच टिपला होता. सूर्य ७ किंवा ८ जूनला मृगात जातो, सप्टेंबरच्या अखेरीस हस्तात. हस्ताचा पाऊस लोकांच्या तोंडी हत्तीचा झाला, तो गर्जत येणारा. पुनर्वसू-पुष्याच्या तरण्या-म्हाताऱ्या पावसाला असा दरारा नाही. मात्र ही घडी कायमची बसवलेली नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. दीड हजार वर्षांपूर्वी मृग आजच्या हिशेबाने मे महिन्यातच लागत असे. म्हणजे नक्षत्रांची नावे जुनी असली, तरी त्यांना चिकटलेले पावसाचे अनुभव पिढ्यापिढ्यांनी नव्याने जुळवून घेतलेले असणार.

नक्षत्र पंधरवडा सांगते. वीज कोणत्या घटकेला पडेल ते नाही. ती घटका अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून कळेल, अशी आशा वाटण्यासारखी आहे. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून वर जाऊन हे किरण शोधले. ढगातले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना बेफाम वेग देऊ शकते, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकात मांडले आणि १९९२ मध्ये गुरेविच व सहकाऱ्यांनी विजेच्या ठिणगीचा संबंध वैश्विक किरणांतून सुटणाऱ्या अशा इलेक्ट्रॉनांशी जोडला. प्रश्न अजून मिटलेला नाही. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात १ डिसेंबर २०१४ रोजी गडगडाटी ढगाखाली या किरणांतून निर्माण होणाऱ्या म्यूऑन कणांची संख्या घटली आणि त्यावरून त्या ढगातला विद्युतदाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट असल्याचे निघाले. किरणांनी ढग मोजता येतो, हे यातून दिसले. पण हंगाम ते ठरवत नाहीत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्या अक्षांशांवर कमी ऊर्जेचे किरण बरेचसे अडवते आणि उरलेल्यांच्या संख्येत जून ते ऑगस्ट असा मोठा चढउतार नसतो.

घटकेचा पत्ता लागला तो रेडिओमुळे. प्रत्येक वीज रेडिओलहरी फेकते. अलेक्सांद्र पोपोव्ह यांचे १८९५ मधले यंत्र त्या लहरी टिपून दूरच्या वादळाची नोंद करी. १९२०च्या दशकात वॉटसन-वॅट यांनी लहरींची दिशा दाखवणारे यंत्र बनवले. पुढे अनेक ठिकाणी लहर पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढता येऊ लागली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४च्या सुमारास याच तत्त्वावर महाराष्ट्रात २० संवेदकांचे जाळे उभारले, नंतर ते देशभर वाढवले. ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप त्याच जाळ्यावर चालते आणि २० व ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजेची वर्दी देते.

दामिनीचा आधार पडून गेलेल्या विजा हाच आहे. डोक्यावरच तयार झालेल्या ढगाची पहिली वीज तिला आधी दिसत नाही, आणि रानात नेटवर्क नसेल तर पुढच्याही नाहीत. तेव्हा उरतो तो कानाचा हिशेब: चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. झाडाचा आडोसा टाळून पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे.