आधी खेळणं, मग खलनायक: मेगाट्रॉनचं मूल्यमापन

संशोधनात "मूल्यमापन करा" असं सांगितलं जातं, पण कशाच्या आधारे करायचं हे फारसं कोणी सांगत नाही. त्यासाठी आज एक खेळणं घेऊ. 'ट्रान्सफॉर्मर्स' या विज्ञानकथेतला मुख्य खलनायक मेगाट्रॉन. १९८४ सालचं त्याचं खेळणं म्हणजे दुमडलं की पिस्तूल होणारा रोबो.

हे खेळणं कितपत चांगलं? बहुतेक जण लगेच कार्टूनशी तुलना करतात. पडद्यावरचा मेगाट्रॉन भरदार, रुबाबदार. खेळण्यातला मात्र काटकुळ्या पायांचा, आणि पिस्तुलाचा घोडा बरोबर दोन पायांच्या मधे! मग निकाल लागतो की खेळणं फसलं.

थांबा, आधी तारखा लावा.

जपानच्या ताकारा कंपनीने 'मायक्रोमॅन' मालिकेत १९८३ मध्ये 'मायक्रो चेंज' नावाची खेळणी आणली. कल्पना अशी की रोजच्या वस्तू उलगडल्या की रोबो होतात. त्यात कॅसेट प्लेअर होता, सूक्ष्मदर्शक होता आणि वॉल्थर पी-३८ या जर्मन पिस्तुलाची प्रतिकृतीही होती. अमेरिकेच्या हॅसब्रोने ताकाराच्या या आणि 'डायक्लोन' मालिकेतली खेळणी घेऊन १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने बाजारात उतरवली. कथा मार्वल कॉमिक्सकडून लिहून घेतली. जिम शूटरने आराखडा केला, बॉब बुडियान्स्कीने बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव दिले. मेगाट्रॉन हे नावही त्याचंच. कार्टून सुरू झालं सप्टेंबर १९८४ मध्ये.

म्हणजे जपानमध्ये हे पिस्तूल विकलं जात होतं तेव्हा मेगाट्रॉन जन्मलाच नव्हता. खलनायकावरून खेळणं बनलं नाही, खेळण्यावरून खलनायक बनला. मग कार्टूनसारखं दिसत नाही म्हणून त्याला नापास करणं म्हणजे नातवाच्या फोटोशी चेहरा जुळत नाही म्हणून आजोबांना नावं ठेवणं. त्याच्या काळाची कसोटी वेगळी होती: वस्तू किती हुबेहूब आहे आणि तिच्यातून रोबो निघतो का? दुर्बीण, सायलेन्सर, दस्ता जोडता येणारं हे पिस्तूल त्या कसोटीवर चांगलंच उतरतं. जपानी आवृत्तीतून तर प्लॅस्टिकच्या गोळ्याही सुटायच्या. अमेरिकेत ती सोय बंद केली होती.

पुढे क्रम उलटला. ताकारा-टोमीने 'मास्टरपीस' मालिकेत २००७ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये काढलेले मेगाट्रॉन कार्टून समोर ठेवून घडवले. तिथे "पात्रासारखा दिसतो का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पात्र तेच, खेळणं त्याच नावाचं, पण कसोटी बदलली.

तिसरी कसोटी समाजाची. अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा झाला आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भगवी खूण बंधनकारक झाली. १९९३ मध्ये नवा मेगाट्रॉन आला तो रणगाडा होऊन. इथे सावध राहा. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचं कारण ठरत नाही. "कायद्यामुळेच रणगाडा झाला" असं प्रबंधात लिहायचं तर तसा पुरावा दाखवावा लागेल.

ही शिस्त फक्त खेळण्यांपुरती नाही. आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर घ्या. उष्मादीप्ती पद्धतीने त्या विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं, नंतर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५.७ लाख वर्षं आलं. दोन्ही आकडे 'लोणारचं वय' म्हणून छापलेले सापडतात. पद्धत न सांगता आकडा देणं आणि कसोटी न सांगता खेळण्याला गुण देणं, चूक एकच.

आता तुमच्यासाठी एक विषय. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली. तिचा कारखाना गोव्यात, कोर्लीला. हॅसब्रोचे 'जी. आय. जो' सैनिक फनस्कूलने भारतात बनवले. अमेरिकेत त्यांच्यामागेही खेळणं, मार्वलचं कॉमिक आणि कार्टून असं त्रिकूट होतं. पण आपल्याकडच्या मुलांपर्यंत आधी काय पोचलं, खेळणं की गोष्ट? शहरात आणि मेहकर-चिखलीसारख्या गावात उत्तर सारखंच येईल का? त्या पिढीतली माणसं आज चाळिशीत आहेत. त्यांना विचारता येईल, जुन्या जाहिराती चाळता येतील, खोक्यांवरच्या तारखा बघता येतील.

फक्त मुलाखतीला जाण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: वस्तू कधी बनली, कशासाठी बनली, आणि मी तिला कुठल्या काळाच्या मापाने मोजणार आहे. तिसरी ओळ कोरी असेल तर अजून मूल्यमापनाला बसू नका.