स्नेहसंमेलनाची पूर्वपीठिका : खासगी शाळांच्या हिवाळी सत्राचा इतिहास

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की प्रजासत्ताक दिनापर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत महाराष्ट्रातील शाळांमध्ये जितके कार्यक्रम होतात, तितके उरलेल्या वर्षभरात होत नाहीत. क्रीडासप्ताह, सहल, चित्रकला-हस्तकलेची आणि विज्ञानाची प्रदर्शने, पारितोषिक वितरण, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि या सर्वांवर कळस चढवणारे वार्षिक स्नेहसंमेलन, म्हणजेच मुलांच्या व पालकांच्या तोंडचे ‘गॅदरिंग’, यांच्या तारखा याच सुमारास सूचनाफलकावर लागतात. पाऊस सरलेला असतो, ऊन सोसवते, रात्री मैदानात मांडव घालता येतो, ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत; कारण सुखद हवा सर्वांनाच मिळते, पण या समारंभांना जे विशिष्ट रूप आले ते मुख्यतः खासगी शाळांनी दिले. खासगी शाळा म्हणजे सरकारने न चालवता एखाद्या मंडळीने फी आणि लोकवर्गणी यांच्या बळावर उभी केलेली शाळा. अशा शाळेला वर्षातून एकदा तरी गावासमोर उभे राहून आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागे, आणि स्नेहसंमेलनाच्या मुळाशी हा हिशेबच आहे.

या प्रथेचा सर्वांत जुना धागा सार्वजनिक परीक्षेपर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळेची परीक्षा ही बंद वर्गात पेपर लिहिण्याची गोष्ट नव्हती. गावातील प्रतिष्ठित मंडळी आणि अधिकारी यांच्या समोर मुलांना उभे करून प्रश्न विचारले जात, उत्तरे ऐकली जात आणि तेथल्या तेथे बक्षिसे वाटली जात. मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने ही पद्धत रुजवली. पुण्यात तिचा सर्वांत धाडसी उपयोग जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांसाठी झाला. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यानंतर या दांपत्याला शिव्याशाप आणि बहिष्कार सोसावा लागला. परंतु १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कॅन्डी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला आणि पाठोपाठ फेब्रुवारी १८५३ मध्ये मुलींची जाहीर परीक्षा पाहण्यासाठी पुणेकरांचा मोठा जमाव लोटला. मुली वाचू शकतात, हिशेब करू शकतात, हे ज्यांना मान्य नव्हते त्यांच्या डोळ्यांसमोर त्या वाचत होत्या, हे या परीक्षेचे महत्त्व होते. शाळेच्या समारंभाने समाजाशी केलेला एवढा थेट युक्तिवाद त्यानंतरच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

हे समारंभ थंडीच्या दिवसांतच येण्यास शिक्षणखात्याची कार्यपद्धतीही कारणीभूत होती. पावसाळ्यात रस्ते बंद आणि उन्हाळ्यात प्रवास असह्य, म्हणून जिल्ह्याचे अधिकारी दिवाळीनंतर दौऱ्यावर निघत, आणि शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना खेड्यापाड्यांत ‘दिपोटी’ म्हणत, तेही याच काळात फिरत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले होते; मुंबई इलाख्यात हे अनुदान तपासणीत किती मुले उत्तीर्ण होतात यावर मोजले जाई. शाळा सारवणे, तोरणे बांधणे, मुलांकडून कविता पाठ करून घेणे, ही सारी तयारी अशा भेटींसाठी होऊ लागली. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, म्हणजे महाविद्यालयात प्रवेश देणारी परीक्षा, त्या काळी वर्षाच्या अखेरीस होत असे, त्यामुळे शाळेचे नवे वर्ष जानेवारीत उघडे. पुढे मॅट्रिक मार्चमध्ये होऊ लागली आणि शालेय वर्षाचा आरंभ जूनकडे सरकला; तरी समारंभ थंडीतच राहिले, कारण दिवाळी आणि वार्षिक परीक्षा यांच्यामध्ये तेवढीच मोकळी जागा उरली होती.

जानेवारीच्या आरंभीच १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडून हा उद्योग आरंभला. बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी प्रथमपासून सोबत होते, संस्कृत कोशकार म्हणून पुढे ख्याती पावलेले वामन शिवराम आपटे लवकरच आले आणि एम.ए. होऊन गोपाळ गणेश आगरकरही त्यांना मिळाले. शिक्षण एतद्देशीयांच्या हाती असावे आणि ते स्वस्त असावे, या दोन आग्रहांवर शाळा उभी होती व आरंभी तिने सरकारी अनुदान घेतले नाही. अशा शाळेचे सर्व भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. तिच्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पाच-सहा वर्षांत पटावरील संख्या हजाराच्या घरात गेली, यावरून तो विश्वास किती झपाट्याने मिळाला हे दिसते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. अल्प वेतनावर आयुष्याची ऐन वर्षे संस्थेला देण्याचे वचन देणारे ‘आजीव सदस्य’ या संस्थेने निर्माण केले. सदस्यांचे आपसांतील मतभेद तीव्र झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले, तरी ती चौकट टिकली आणि नंतरच्या कित्येक संस्थांनी ती उचलली.

या शाळेच्या वर्धापनदिनाच्या समारंभाविषयीची एक आठवण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. तरुण शिक्षक असलेल्या गोखल्यांवर प्रवेशद्वाराची जबाबदारी होती आणि निमंत्रणपत्रिका असेल त्यालाच आत सोडायचे असे ठरले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पत्रिकेशिवाय आले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना ओळख नसल्यामुळे नम्रपणे अडवले. रानडे रागावले नाहीत, शांतपणे बाजूला थांबले आणि कोणीतरी व्यवस्था केल्यावर आत गेले. ज्या दोघांचे नाते पुढे गुरुशिष्याचे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, त्यांची जवळीक वाढण्याआधीची ही भेट आहे. संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील दुसरी बाब अधिक बोलकी आहे : शाळेच्या वाढदिवसाला पत्रिका छापाव्यात, दारावर माणूस ठेवावा लागावा आणि शहरातील अग्रगण्य न्यायाधीशाला तेथे यावेसे वाटावे, एवढे महत्त्व त्या समारंभाला अल्पावधीत आले होते.

‘सोशल गॅदरिंग’ हा प्रकार त्याच काळात पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत रूढ झाला होता. आजी आणि माजी विद्यार्थी, प्राध्यापक व पाहुणे यांनी एकत्र यावे, भाषणे व्हावीत, खेळ आणि फराळ व्हावा, रात्री नाटक व्हावे, असे त्याचे साधारण स्वरूप असे; परस्परांना विनोदी बिरुदे बहाल करण्याच्या ‘फिशपॉन्ड’लाही त्यात जागा मिळाली आणि त्याला ‘शेलापागोटे’ हे देशी नाव पडले. महाविद्यालयातून बाहेर पडून शिक्षक झालेल्या पदवीधरांनी हा प्रकार शाळांत नेला. सार्वजनिक परीक्षेपासून आलेले बक्षीसवाटप आणि महाविद्यालयातून आलेले नाटक-फराळ यांची गाठ बसली तेव्हा आजचे स्नेहसंमेलन तयार झाले, आणि म्हणूनच त्याला आजही दोन भाग असतात : पहिल्या भागात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापकांचे अहवालवाचन आणि बक्षिसे, दुसऱ्यात पडदा, रंगभूषा आणि करमणूक.

अहवालवाचनाच्या वेळी मागच्या रांगांतील मुले कुजबुजत असली, तरी संस्थेच्या दृष्टीने संपूर्ण समारंभाचा कणा तोच होता. शिक्षणसंस्थांना पैसा किती कष्टाने मिळत होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला आणि फर्ग्युसनमधील गणिताचे अध्यापन सांभाळून सुट्ट्यांमध्ये ते गावोगाव वर्गणी मागत फिरले; देणगीदाराला पै-पैचा हिशेब मिळाला पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि घरोघर मूठभर धान्य बाजूला काढून वसतिगृहाला द्यावे अशी मुष्टिफंडाची रीत खेड्यांत चालवली. ज्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, तेथे धान्याची मूठ देणारा शेतकरीही संस्थेचा वर्गणीदारच होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात तर मराठी शिक्षण जवळजवळ सर्वस्वी समाजाच्या खिशावर तगले. १९११ साली फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ सुरू झाले ते याच बळावर. उलट, लोकाश्रय भरपूर असूनही राजसत्तेची इतराजी ओढवली तर काय होते याचे उदाहरण तळेगाव दाभाड्याच्या समर्थ विद्यालयाने दिले : विष्णु गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने १९०६ मध्ये ते उभारले आणि १९१० मध्ये सरकारने बंद पाडले.

संमेलनातील नाटकाने मात्र स्वतःचा वेगळा इतिहास घडवला. प्रारंभी ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकांतील प्रवेश निवडून केले जात आणि व्यावसायिक रंगभूमीप्रमाणे स्त्रीभूमिका मुलगेच करीत. मुलांसाठी लिहिलेले नाटक ही गोष्ट फारशी अस्तित्वात नव्हती. ती गरज शिक्षकांनाच भागवावी लागली. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या प्रल्हाद केशव अत्रे यांनी शाळेच्या संमेलनासाठी ‘गुरुदक्षिणा’सारखी नाटके लिहिली, आणि पुढे मराठी रंगभूमी गाजवणाऱ्या या नाटककाराची पहिली उमेदवारी शाळेच्या मांडवात झाली. पु. ल. देशपांडे यांनीही काही काळ शाळेत शिकवले आणि ‘वयं मोठं खोटम्’ व ‘नवे गोकुळ’ ही बालनाट्ये लिहिली. १९५९ साली सुधा करमरकर यांनी ‘लिटिल थिएटर’ काढून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि बालनाट्य शाळेबाहेर स्वतःच्या पायांवर उभे राहिले. पण त्यासाठी लागणारा प्रेक्षक आणि नट या दोहोंची घडण शाळांच्या संमेलनांनी आधीच केली होती.

संमेलनाला जोडून प्रसिद्ध होणारे हस्तलिखित हा या परंपरेचा सर्वांत सुंदर अवशेष होय. हस्तलिखित म्हणजे मुलांनी लिहिलेल्या कथा, कविता, कोडी व प्रवासवर्णने यांचा एकच प्रत असलेला वार्षिक अंक. वर्गातील वळणदार अक्षराची दोन-तीन मुले निवडली जात, जाड कागदावर पेन्सिलीने ओळी आखून घेतल्या जात, टाकाने लिहून झाल्यावर त्या ओळी खोडरबराने पुसल्या जात, समासात वेलबुट्टी काढली जाई, चित्रकलेचे शिक्षक मुखपृष्ठ रंगवून देत आणि पाठीला कापडी पट्टी चिकटवून अंक बांधला जाई. संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होई आणि नंतर तो ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात जाई. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तर वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. वर्षातून एकदा होणारे काम रोज करण्याइतकी माया त्या शिक्षकाच्या ठायी होती. अशी हस्तलिखिते म्हणजे त्या त्या गावातील मुलांच्या भाषेचा आणि विचारांचा समकालीन पुरावा आहे, आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

खेळ आणि सहल यांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले आणि देशी खेळ शाळांच्या सामन्यांत आले. लेझीम आणि कवायत यांनी क्रीडासप्ताहाचा शेवट करण्याची पद्धतही व्यायामप्रसाराच्या चळवळीतून आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे शालेय सहलींना भाड्यात सवलत मिळाल्यावर रायगड, प्रतापगड, वेरूळ-अजिंठा ही स्थळे गरीब घरांतील मुलांच्याही आवाक्यात आली.

आज बहुसंख्य शाळांच्या संमेलनांत चित्रपटगीतांवरील नृत्ये, भाड्याचे पोशाख आणि ध्वनिव्यवस्था यांवर मोठा खर्च होतो, अहवालवाचन काही मिनिटांत उरकले जाते आणि हस्तलिखित बंद पडते किंवा संगणकावर जुळवून छापले जाते. मुलांनी नाचू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु पालकांनी भरमसाट फी भरायची आणि शाळेने त्यांना वर्षाचा जमाखर्च, शिक्षकांची संख्या, ग्रंथालयात आलेली पुस्तके, मध्येच शाळा सोडून गेलेली मुले यांपैकी काहीही जाहीरपणे सांगायचे नाही, ही खासगी शाळेच्या मूळ कराराची मोडतोड आहे. चिपळूणकर-टिळकांच्या किंवा कर्वे-भाऊरावांच्या परंपरेचे नाव घेणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने येत्या संमेलनात अहवाल संपूर्ण वाचावा, जमाखर्चासह वाचावा. आणि ज्या शाळांच्या कपाटांत जुनी हस्तलिखिते आहेत, त्यांनी वाळवी लागण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ती अभ्यासकांना खुली करावीत.