जुन्या 'बुलेट'ची वाटेवरची शिदोरी

दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी पडली, की पुण्या-मुंबईहून कोकणात आणि गोव्याकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. नव्या, चकचकीत गाड्यांच्या या गर्दीत ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी 'बुलेट' अजूनही आपला मान राखून आहे. १९५५मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या 'एन्फिल्ड इंडिया'च्या कारखान्यातून ही गाडी अनेक दशके फारशी न बदलता बाहेर पडत राहिली. त्या जुन्या धाटणीच्या इंजिनाचे उत्पादन २०१०च्या सुमारास थांबले. म्हणजे रस्त्यावर दिसणारी त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता सुमारे पंधरा वर्षांची झाली आहे.

अशा गाडीने लांबचा प्रवास करणाऱ्यांपुढील अडचण वेगळीच आहे. गाडी वाटेत बंद पडणे नवे नाही. मात्र पूर्वी गावोगावी सापडणारा, 'सीबी पॉइंट' डोळे मिटून लावणारा मेकॅनिक आता दुर्मीळ होत चालला आहे. ताम्हिणीसारख्या घाटात संध्याकाळी गाडी थांबली, मागे घरचे माणूस बसलेले आहे आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी रात्र कुठे काढायची याचा निर्णय बरोबर घेतलेल्या हत्यारांवर ठरतो.

हत्यारांचा हा संच बाजारातून तयार आणता येत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीतील निम्मे पाने बुलेटच्या एकाही नटाला बसत नाहीत. संच बनवण्याची खात्रीची रीत एकच. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी गाडी अंगणात किंवा पार्किंगमध्ये उभी करावी आणि जवळ ठेवलेल्या हत्यारांनीच पुढची कामे करून पाहावीत : दोन्ही चाके काढणे, ट्यूब बदलणे, प्लग व पॉइंटचे अंतर लावणे, क्लचची वायर बदलणे, कार्ब्युरेटरची वाटी उघडणे, टॅपेट लावणे, चेन ताणणे. ज्या वस्तूसाठी उठून कपाटापर्यंत जावे लागले, ती संचात जाते. ज्या वस्तूला दिवसभरात हात लागला नाही, ती घरी राहते. एवढे केल्यावर पिशवी आपोआप हलकी होते, आणि अंधारात कोणता पाना कुठे लागतो हे हातांना ठाऊक होते.

मापांचा घोळ

पान्यांची निवड हा या संचातील सर्वांत किचकट भाग. बुलेटचा आराखडा मूळचा इंग्लंडचा. त्यामुळे जुन्या गाड्यांत व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड या ब्रिटिश पद्धतीचे नट-बोल्ट आढळतात. पुढे हळूहळू मेट्रिक मापे शिरली. एकाच गाडीत दोन्ही पद्धती नांदतात, आणि मधल्या काळात कोणत्या मेकॅनिकने कोणता बोल्ट 'ॲडजस्ट' केला असेल त्याचा नेम नसतो.

ब्रिटिश पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो, आणि घोळाचे मूळ इथेच आहे. पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर रुंदीच्या नटाचा. त्यावर १३ नंबरचा मेट्रिक पाना चढत नाही आणि १४ नंबरचा सैल बसतो. ३/१६ इंची पान्याचे माप ११.३ मिलिमीटर, म्हणजे ११ लहान आणि १२ मोठा. ५/१६ इंची पाना १५.२ मिलिमीटरचा, तिथे १५ आणि १६ यांची तीच गत. सैल पाना जोर लावताच नटाचे कोपरे खातो आणि गोल झालेला नट रस्त्याच्या कडेला निघत नाही. म्हणून गाडीवरचे नेहमी सोडावे लागणारे नट एकेक करून मोजावेत आणि त्याच मापाचे रिंग पाने घ्यावेत. सरळ तोंडाचे पाने फक्त जिथे रिंग जात नाही तिथे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात जुना बाजार येथे थोडे हिंडले, तर व्हिटवर्थचे जुने, पोलादी पाने अजूनही हाती लागतात. नव्या स्वस्त पान्यांपेक्षा ते सरस ठरतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. ते शक्य नसल्यास मालकाने तेवढे चार-सहा नट बदलून एकाच पद्धतीचे करून घ्यावेत.

याखेरीज चाकाच्या ॲक्सलचा मोठा पाना, प्लग पाना, टॅपेटसाठी दोन पातळ पाने, एक मध्यम स्क्रू पाना, पक्कड, लांब दांड्याचे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज एवढे पुरते. कार्ब्युरेटरचे जेट पितळेचे, म्हणजे मऊ असतात. त्यांच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर वेगळा ठेवावा. मोठ्या हत्याराने खाच तुटली की जेट तिथेच अडकतो.

ॲमीटरची भाषा

जुनी बुलेट वाटेत थांबते ती बहुधा ठिणगीच्या कारणाने. सुदैवाने हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेला ॲमीटर हे एक फुकटचे तपासणी यंत्र आहे, आणि ते गाडीबरोबरच येते. दिवे बंद ठेवून चावी फिरवावी, डिकॉम्प्रेसरचा चाप दाबावा आणि किक हळूहळू खाली न्यावी. पॉइंट मिटलेले असताना काटा उणे बाजूला जातो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलत असेल, तर पॉइंटपर्यंत सर्व ठीक आहे आणि पुढे प्लग, प्लगची टोपी किंवा कंडेन्सर पाहावा. काटा मध्यावरच ठाण मांडून बसला, तर वीज येतच नाही : फ्यूज, बॅटरीचे सैल टोक, स्विच किंवा पॉइंटवर चढलेला काळा थर. काटा उण्यातून हलतच नसेल, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे.

एवढ्यासाठी लागणारे सुटे भाग मुठीत मावतात. एक प्लग, एक पॉइंटचा संच, एक कंडेन्सर, दोन-तीन फ्यूज, हेडलाइटचा एक बल्ब आणि बारीक पॉलिश पेपरचा तुकडा. पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. नवा पॉइंट कोऱ्या पाकिटातून थेट प्रवासाला नेऊ नये. तो आठवडाभर गाडीत चालवून, जमल्याची खात्री करून मग काढून ठेवावा. कंडेन्सरलाही हाच नियम, कारण बाजारातील नव्या मालात खराब नग निघण्याचे प्रमाण नगण्य नाही. डिस्ट्रिब्युटरचे बूड मात्र रस्त्यावर सैल करू नये. ते जरा फिरले तरी टायमिंग चुकते. निघण्यापूर्वी बूड आणि इंजिन यांच्यावर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवली, तर ते सरकले आहे का हे नजरेने कळते.

जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ती टाळावी. फ्यूज ज्या बिघाडामुळे जळला तो तसाच राहतो आणि मग वायरिंग पेटते; त्यापासून पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर असते.

किक अचानक हलकी लागू लागली, कॉम्प्रेशन गेल्यासारखे वाटले, तर टॅपेट पाहावेत. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की पुशरॉडमधील मोकळीक संपते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरेल पण वर-खाली हलणार नाही इतके लावायचे असते. थंड होण्यासाठी तासभर थांबावे लागते. घाईने गरम इंजिनावर लावलेले टॅपेट पुढच्या गावी पुन्हा लावावे लागतात.

पेट्रोल, वायरी आणि चाके

टाकीतील गंज आणि पावसाळ्यात शिरलेले पाणी कार्ब्युरेटरच्या वाटीत जमते. वाटी उतरवून पुसणे आणि जेटमधून फुंकर मारणे हा त्यावरचा उपाय दहा मिनिटांचा आहे. देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी भागांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. जुनी नळी फुगते किंवा तडकते. फूटभर नवी पेट्रोलची नळी, दोन क्लिपा आणि वाटीचे एक वॉशर बरोबर असावे.

क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी तुटण्याआधी बहुधा सूचना देतात : टोकाशी एखादी तार सुटते. लांबच्या प्रवासाला निघणारे अनुभवी स्वार नवी वायर पिशवीत न ठेवता जुन्या वायरीच्या शेजारूनच ओवतात आणि दोन्ही टोके टेपने बांधून ठेवतात. जुनी तुटली की फक्त टोके अडकवायची. जोडीला स्क्रूने आवळता येणारे दोन निपल घेतले, तर टोकाशी तुटलेली वायरही तात्पुरती चालते.

पंक्चरच्या बाबतीत बुलेटची एक सोय आहे. जुन्या गाड्यांची दोन्ही चाके १९ इंची असल्याने एकच जादा ट्यूब दोहोंकडे चालवून घेता येते. तीन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि पंप एवढे त्याबरोबर हवे. पंपाचे तोंड गाडीच्या व्हॉल्व्हला बसते का, हे घरीच पाहावे. सायकलला हवा भरणारा प्रत्येक पंप इथे उपयोगी पडत नाही. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवून खिळा काढला नाही, तर तोच खिळा दुसऱ्यांदा काम करतो. सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, म्हणून दर हंगामाला नवी घ्यावी.

चेनसाठी एक जादा लॉक पुरते. त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला असले पाहिजे. उलटी बसवलेली क्लिप निसटते, आणि सुटलेली चेन मागचे चाक जाम करू शकते.

या इंजिनाची थरथर सर्वश्रुत आहे. सायलेन्सरचे नट, नंबर प्लेट, टूलबॉक्सचे झाकण यांपैकी काही ना काही शे-दोनशे किलोमीटरला सैल होतेच. त्यासाठी निरनिराळ्या मापांचे आठ-दहा नट-बोल्ट, स्प्रिंग वॉशर, मीटर-दोन मीटर बाइंडिंग वायर, इन्सुलेशन टेप, दोन होज क्लिपा आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या ठेवतात. दगड लागून केसिंगला चीर गेली तर एम-सील उपयोगी येते. मात्र जागा आधी पेट्रोलने पुसून तेलविरहित करावी लागते. अर्धा लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल ही चैन नव्हे, कारण जुने इंजिन चढावर थोडेफार तेल खातेच.

पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच प्लेट यांसारखे भाग नेणारेही काही जण असतात. रस्त्याच्या कडेला धुळीत इंजिन उघडणे शहाणपणाचे नाही. तिथपर्यंत वेळ आली, तर टेम्पो बोलावणे स्वस्त पडते. त्या भागांच्या वजनात एक चांगला विजेचा डोक्याला बांधायचा दिवा, हातमोजे आणि चमकणारा त्रिकोण येतो. घाटात पाना हातात घेण्याआधी गाडी वळणापासून दूर ढकलावी आणि त्रिकोण मागे पन्नास पावलांवर ठेवावा. रात्री वळणावर बसून काम करणारा माणूस ट्रकचालकाला फार उशिरा दिसतो.

सर्व पाने जाड कॅनव्हासच्या घडीत, एकेका कप्प्यात शिवून घेतलेल्या जागी ठेवावेत. लोखंडी टूलबॉक्समध्ये सुटे टाकलेले पाने थरथरीने एकमेकांवर घासतात आणि पॉइंट-कंडेन्सरची पाकिटे फाडतात. विजेचे सुटे भाग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, तेलाची बाटली वेगळ्या पिशवीत. घडीच्या आतल्या बाजूला कायम शाईने दोन ओळी लिहून ठेवण्याची पद्धत चांगली आहे : पॉइंट व प्लगचे अंतर, आणि कोणत्या नटाला कोणता पाना. प्रवासाहून परतल्यावर वापरलेला भाग त्याच आठवड्यात भरून काढावा, नाहीतर पुढच्या वेळी डबा उघडल्यावर हाती जळका फ्यूज येतो.