एका तणाची बखर

'तण' हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नव्हे. पाने, फुले, बी यांचा कितीही बारकाईने अभ्यास केला तरी एखादी वनस्पती तण आहे की नाही हे तिच्या अंगावर लिहिलेले सापडत नाही. तो जमिनीच्या मालकाने दिलेला निवाडा असतो. आणि निवाडा म्हटला की तो कुणी, कधी आणि कशासाठी दिला हे प्रश्न येतात. म्हणजेच इतिहास येतो. उत्तर अमेरिकेतल्या मिल्कवीडच्या तर नावातच हा निवाडा बसला आहे: दुधाळ तण. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत तो अनेकदा फिरवला गेला, आणि प्रत्येक फेरीबरोबर एका फुलपाखराचे भवितव्यही फिरले.

मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातले. तसाच पांढरा चीक, तशीच तडकणारी बोंडे, तशीच रेशमी तंतूंवर तरंगत जाणारी बी. लहानपणी 'म्हातारी' म्हणून आपण जिच्यामागे धावलो तिची ही दूरची बहीण. रुईवर ज्याच्या अळ्या वाढतात ते आपल्याकडचे प्लेन टायगर फुलपाखरू आणि अमेरिकेतले मोनार्क हीदेखील एकाच प्रजातीतली. मोनार्कची मादी अंडी घालते ती मिल्कवीडवर. तिची अळी त्याचीच पाने खाते आणि चिकातले विष अंगात साठवून पक्ष्यांपासून बचावते. लिनियसने १७५३ साली या वनस्पतींना ग्रीक वैद्यदेवतेवरून अॅस्क्लेपिअस हे नाव दिले. त्यांतल्या सर्वांत परिचित जातीला मात्र त्याने 'सिरियाका' म्हटले. वास्तविक ती अस्सल अमेरिकन. देवतेचे नाव आणि चुकीचा देश ग्रंथात राहिले; शेतात ती तणच राहिली.

पहिली कलाटणी युद्धाने दिली. त्या काळी जीवरक्षक जाकिटांत कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, भरत. तो मुख्यतः जावाहून येई. १९४२ मध्ये जपानने डच ईस्ट इंडीज जिंकले आणि हा पुरवठा तुटला. तेव्हा अमेरिकी सरकारला बांधावरचे मिल्कवीड आठवले. शाळकरी मुलांनी पोती भरभरून बोंडे गोळा केली. दोन पोत्यांनी एक जीव वाचतो, असे त्यांना सांगितले जाई. मिशिगनमधल्या पेटोस्की गावी त्या बोंडांतला कापूस वेगळा करण्याचा कारखाना चालला. युद्ध संपले, कापोक परतला, पुढे कृत्रिम तंतू आले. आणि खलाशांना तरंगत ठेवणारी वनस्पती मुकाट्याने पुन्हा तण झाली.

दरम्यान कॅनडातले फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे दांपत्य, मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, या एकाच प्रश्नाचा जवळजवळ चार दशके पाठपुरावा करीत होते. २ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि मूळची मिचोआकानचीच असलेली कॅटलिना अग्वादो यांनी मेक्सिकोच्या डोंगरांत फुलपाखरांनी लगडलेली झाडे पाहिली. याला 'शोध' म्हणण्याचा प्रघात आहे. पण तिथल्या रहिवाशांच्या लेखी नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास, ती दरवर्षीच येत होती. परतणारे पितरच ती, अशी त्यांची श्रद्धा. 'तण' काय किंवा 'शोध' काय, शब्द कोणाच्या बाजूने बोलतो हे तपासावेच लागते.

मिल्कवीडवरचा खरा आघात मात्र पुढचा. जमिनीखाली पसरणाऱ्या खोडांमुळे ते नांगरटीला पुरून उरत असे. मक्याच्या पट्ट्यात ते पिकांमध्येच तग धरून होते. १९९६ साली ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन आले, १९९८ साली मका. हे तणनाशक मुळांपर्यंत पोचते. नांगराला जे जमले नाही ते फवारणीने साधले. एका अभ्यासानुसार १९९९ ते २०१० या काळात मध्यपश्चिमेतले मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटले. मेक्सिकोत १९९६-९७ च्या हिवाळ्यात फुलपाखरांनी सुमारे १८ हेक्टर जंगल व्यापले होते. २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर. जंगलतोड आणि हवामान यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आहारवनस्पतीवाचून अळी जगत नाही, यावर नाहीत.

म्हणून जे उपटायचे ते लोक पेरू लागले. कॅन्सस विद्यापीठातल्या 'मोनार्क वॉच'ने २००५ पासून घरोघरच्या बागांना फुलपाखरांच्या थांब्यांचा दर्जा द्यायला सुरुवात केली. ऑन्टारिओ प्रांताने २०१४ मध्ये मिल्कवीडला घातक तणांच्या यादीतून वगळले. पेरणीला मात्र संयम लागतो. थंडी अनुभवल्याशिवाय हे बी सहसा रुजत नाही. ते ओल्या वाळूत मिसळून महिनाभर तरी फ्रिजमध्ये ठेवावे लागते, किंवा शरद ऋतूतच मातीत टाकून हिवाळ्यावर सोपवावे लागते. पहिल्या वर्षी बहुधा फूलही येत नाही.

ज्यांना हा धीर नव्हता त्यांनी सहज उगवणारी, उष्ण प्रदेशातली जात निवडली. आपल्या बागांतले 'हळदीकुंकू' ते हेच. अमेरिकेच्या दक्षिणेत ते हिवाळ्यातही मरत नाही. मग काही मोनार्क स्थलांतर सोडून तिथेच वीण घालतात, पानांवर परजीवीचे बीजाणू साचतात आणि अळ्या रोगट होतात. सद्हेतूने केलेली पेरणीही स्थळकाळाचे भान सुटले की उलटते, ते असे.

डिसेंबर २०२४ मध्ये मोनार्कला कायद्याने संरक्षित करण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने मांडला. त्या हिवाळ्यात फुलपाखरांनी १.७९ हेक्टर व्यापले होते. आपल्याकडे शनिवारी रुईची माळ मारुतीच्या गळ्यात पडते आणि रविवारी तीच रुई प्लॉट साफ करताना मुळासकट निघते. तिच्या पानांखाली कोणाची अंडी आहेत, हे पाहायला त्या दोन दिवसांच्या मध्ये कोणी थांबत नाही.