फिडल लीफ फिगच्या पानांवर तपकिरी डाग का पडतात?

फिडल लीफ फिगच्या पानावर तपकिरी डाग दिसला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. झाड सुकतेय असे समजून पाणी वाढवले जाते, नाहीतर बुरशी समजून फवारणी सुरू होते. डाग मुळे कुजल्यामुळे पडला असेल तर वाढवलेले पाणी झाड मारते आणि फवारणीत नुसता वेळ जातो. म्हणून औषधाच्या आधी निदान हवे, आणि ते बरेचसे घरच्या घरी करता येते.

हे झाड वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच फायकस प्रजातीतले. शास्त्रीय नाव फायकस लायराटा. मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या सखल वर्षावनांतले. तिथे पाऊस भरपूर असला तरी पाणी जमिनीत मुरते, मुळांभोवती साचून राहत नाही. कुंडीत नेमके उलटे होते. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवती अनेकदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. घरी आल्यावर ती कुंडी भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात ठेवली जाते, आणि तळाला साचलेले पाणी कोणाच्या लक्षातच येत नाही.

निदानाची सुरुवात डागाच्या रंगापेक्षा त्याच्या जागेवरून करावी. खालच्या, म्हणजे जुन्या पानांवर गडद तपकिरी किंवा काळपट डाग, तेही फक्त कडेला नव्हे तर पानाच्या मध्यभागीसुद्धा, आणि पाने गळत असतील तर पहिला संशय मुळांवर घ्यावा. माती दोन इंच खोल बोटाने तपासावी. पाणी घालून आठवडा झाला तरी ती ओली लागत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून पाहावे. निरोगी मूळ टणक असते. कुजलेले मूळ काळे आणि लिबलिबीत होते, आणि चिमटीत ओढले की वरचे साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरतो.

पाणी कमी पडल्याचे चित्र वेगळे असते. पानांच्या कडा फिकट तपकिरी आणि कुरकुरीत होतात, तेही झाडभर. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते. अशा वेळी घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात, त्यामुळे सावकाश, थांबून थांबून पाणी द्यावे लागते.

उन्हाने भाजलेले पान ओळखणे सर्वांत सोपे. फक्त खिडकीकडच्या बाजूची पाने पांढुरकी, कागदासारखी होतात आणि डाग पसरत नाही. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास दिसते. कोवळ्या पानांवरचे बारीक तांबूस ठिपकेही फार घाबरण्यासारखे नसतात. पाण्याचा ताळमेळ बिघडल्याने पेशी फुटून ते उमटतात आणि पान मोठे होताना पुसट होत जातात.

डाग नव्या-जुन्या सगळ्याच पानांवर असतील, भोवती पिवळी कड असेल आणि ते वाढत असतील, तर जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो. खात्रीसाठी एका डागाची हद्द पेनने आखून ठेवावी आणि आठवड्याने पाहावी. डाग रेषेबाहेर गेला नसेल तर घाईने काही फवारू नये. गेला असेल तर ती पाने कापून टाकावीत, झाड इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे आणि पानांवर पाणी शिंपडणे थांबवावे. कॉपर ऑक्सीक्लोराइडसारखे ताम्रयुक्त औषध पाकिटावरच्या प्रमाणात वापरता येते, पण ते पसरणे रोखते, पडलेला डाग घालवत नाही. जिवाणूजन्य रोगावर तर त्याचा उपयोग मर्यादितच.

कीडही पाहून घ्यावी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर बारीक ठिपके चालताना दिसले तर ते कोळी आहेत. ओल्या फडक्याने पानांच्या दोन्ही बाजू पुसल्या की निम्मे काम होते. कडुनिंबाचे तेल वापरायचेच असेल तर संध्याकाळी. उन्हात फवारले तर तेच पान भाजते, आणि मग नवा डाग कशाचा, हे शोधत बसावे लागते.

मुळे कुजलेली निघाली तर काळा भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावा. कापताना निघणारा पांढरा चीक त्वचेला त्रास देऊ शकतो, त्यामुळे हातमोजे घालावेत. माती, कोकोपीट आणि पर्लाइट यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे. कुंडी उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच घ्यावी. मोठ्या कुंडीत जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि पुन्हा तोच प्रकार होतो. नवे पान येईपर्यंत खत देऊ नये.

यापुढे पाणी ठरावीक वाराला नाही, तर वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच द्यावे. उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, ती बरीच लांबते, आणि याच दिवसांत सवयीने घातलेले पाणी नडते. पडलेले डाग कधीच भरून येत नाहीत, त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून उपाय फसला असे समजू नये. पुढची दोन-तीन पाने स्वच्छ आली, की झाड सावरले.