अध्याय, समास, प्रकरण: मराठी ग्रंथांची विभागणी

हस्तलिखित पोथीत पानाचा आकडा त्या एका प्रतीपुरताच उपयोगी असे. नक्कल करणाऱ्याचे अक्षर मोठे असले की पाने वाढत. म्हणून मजकुराची जागा सांगायची तर खूण ग्रंथाच्या रचनेतच असावी लागे. मराठी ग्रंथांतील विभागणीने हे काम शतकानुशतके केले.

‘ज्ञानेश्वरी’ने (1290) गीतेचे 18 अध्याय तसेच ठेवले. त्यामुळे पहिला अध्याय सुमारे 275 ओव्यांचा, तर अठरावा सुमारे 1800 ओव्यांचा झाला. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीच्या लीळा ‘एकांका’त येतात.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’ची आखणी फार काटेकोर केली. 20 दशक आणि प्रत्येक दशकात 10 समास, असे एकूण 200 समास. प्रत्येक समासाला विषयावरून नाव आहे. चौथ्या दशकाचा विषय नवविधा भक्ती. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत प्रत्येक भक्तीला एक समास मिळाला आणि उरलेल्या दहाव्यात मुक्तीचे चार प्रकार आले. ग्रंथात काय काय आहे, ते पहिल्याच समासात सांगून टाकले आहे. एकोणिसाव्या दशकाचा आरंभ तर लेखनक्रियेनेच होतो. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, हे समर्थांनी त्यात बारकाईने सांगितले आहे.

पोथीत समासाचे किंवा अध्यायाचे नाव शेवटी, ‘इति’ने सुरू होणाऱ्या समाप्तिवाक्यात येई. मजकूर सलग लिहिलेला असल्याने हे वाक्य नजरेत भरावे म्हणून ते अनेकदा तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यावर गेरू फिरवीत. ओवीच्या शेवटी दुहेरी दंड आणि आकडा असे.

गद्यातही ही शिस्त आली. मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले शिवछत्रपतींचे चरित्र ‘सप्तप्रकरणात्मक’ म्हणूनच ओळखले जाते. पुढे छापखाने आले. एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत पाने सारखी झाली, तेव्हा पृष्ठांकांसह अनुक्रमणिका देता येऊ लागली आणि मथळा समाप्तिवाक्यातून निघून प्रकरणाच्या माथ्यावर बसला.

तरीही आवृत्ती बदलली की पाने बदलतातच. म्हणून ‘दासबोधा’चा संदर्भ आजही दशक, समास आणि ओवी या क्रमानेच दिला जातो.